पालकाची थोरवी आणि लिंबाची फोड

संस्कृतांत जिला पालंक्या म्हणतात, ती पालकाची भाजी आमचे मुलुंडचे घरीं आठवड्यांतून दोनदां होते. गेल्या वर्षीं गर्भवती सूनबाईंचें रक्त कमी भरलें, तेव्हां आम्हीं मोठ्या अधिकारानें सांगितलें, "पालक खा, गोळ्या कशाला?" डॉक्टरीणबाईंनीं आमची चूक दाखविली. शंभर ग्रॅम पालकांत लोह अवघें तीनएक मिलिग्रॅम, आणि त्यांतलेंही अंगीं थोडेंच लागतें. गोळ्या घ्यावयासच हव्या.

तथापि फोलेट व अ-जीवनसत्त्व देणारी ही भाजी टाकाऊ नव्हे. मुगाची डाळ घालून पळीवाढी करावी व पानांत वाढल्यावर लिंबू पिळावें. लिंबांतील क-जीवनसत्त्वानें लोह अधिक अंगीं लागतें. जेवणावर लगेच चहा घेतल्यास तो लाभ उणावतो. (आमची ही खोड अद्याप सुटली नाहीं!) मूतखड्याची प्रकृति असल्यास पालक उकडून पाणी टाकावें, म्हणजे ऑक्झलेट कमी होतें, खाण्यापूर्वीं वैद्यांस मात्र विचारावें.

उपनगरांत रुळांलगत नाल्याच्या पाण्यावरही पालेभाज्या पिकविल्या गेल्या आहेत. धुतल्यानें माती जाते, पानांत मुरलेले विषारी धातु जात नाहींत. म्हणून आमच्या सौभाग्यवती जुडी कोणत्या मळ्यांतली, हें भाजीवालीस विचारल्याशिवाय घेत नाहींत.