साठी, बुद्धी आणि दात

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे घरोघरी थट्टेने उच्चारली जाते. आजोबा काही विसरले की नातवंडे हसतात, आणि वयच झाले म्हणून वडील मंडळीही स्वस्थ बसतात. परंतु ही म्हण खरी नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीनुसार साठी गाठलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे सात जणांस स्मृतिभ्रंशाचा विकार असतो. बहुसंख्यांस तो नसतो. तेव्हा बुद्धी नाठते ती केवळ वयाने नव्हे, रोगाने.

ज्या १९०६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सबंध बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, त्याच साली जर्मनीत डॉ. आल्झायमर यांनी या रोगांपैकी प्रमुख रोगाचे प्रथम वर्णन केले. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा दातांशी काय संबंध, असे कोणी विचारील.

अनेक देशांतील पाहण्यांत असे आढळले आहे की, ज्यांचे पुष्कळ दात पडले आहेत त्यांच्यात स्मृती क्षीण होण्याचे प्रमाण अधिक असते. याची तीन कारणे संभवतात. हिरड्यांची जुनाट सूज रक्तावाटे सर्व शरीरास उपद्रव देते. २०१९ साली तर हिरड्यांच्या रोगातील एका जंतूच्या खुणा आल्झायमर-रोग्यांच्या मेंदूत सापडल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. दुसरे असे की, दात गेले म्हणजे भाकरी, दाणे, काकडी सुटते आणि पोषण घटते. तिसरे, बोळक्या तोंडाने चारचौघांत जाण्याचा संकोच वाटतो, आणि गप्पागोष्टी तुटल्या की मेंदूचा व्यायामही तुटतो.

तथापि घाईने निष्कर्ष काढू नये. त्या जंतूचे विष आवरणारे औषध रोग्यांना देऊन पाहिले. २०२१ साली त्याचा अपेक्षित गुण दिसला नाही. शिवाय विस्मरण जडलेला मनुष्य दात घासणेच विसरतो. म्हणजे दुखणे उलट दिशेनेही चालते. दात राखल्याने स्मृती राहीलच, असे वचन आज कोणीही देऊ शकत नाही.

मग आम्ही हे का लिहितो? कारण दात राखण्यात तोटा काहीच नाही. महाराष्ट्रातील मिश्री काय आणि गुजरातेतील बजर काय, दोन्ही दातांना लावायची तंबाखूच. ती घरातून घालवावी. निजण्यापूर्वी आजीचे दात घासून झाले का, कवळी काढून, धुऊन पाण्यात ठेवली का, हे नातवंडांनी पाहावे. हिरड्यांतून रक्त येत असल्यास दंतवैद्याकडे न्यावे. आणि जन्मभर नेमाने दात घासणारे आजोबा ते विसरू लागले, तर हसू नये. ती डॉक्टरांना दाखविण्याजोगी खूण असू शकते. सकाळी त्यांच्या शेजारी उभे राहून चूळ भरणाऱ्या नातवालाच ती प्रथम दिसेल.