दोन इंचांचा उतार

२०२४ च्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे शेवटचे गठ्ठे एकदाचे हातावेगळे केले आणि मी धाकट्या भावाकडे अमेरिकेला गेले. तो टेक्सासमध्ये, डॅलसपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. विमानतळावर मला आणायला तो जे वाहन घेऊन आला होता, त्याला मोटार म्हणावे की मालट्रक, हेच मला ठरवता येईना. पुढे पाच माणसांची ऐसपैस बैठक, आणि मागे आपल्याकडच्या टेम्पोला असतो तसा उघडा हौदा. माझ्या दोन बॅगा त्या हौद्यात अशा दिसत होत्या, की जणू रिकाम्या मंगल कार्यालयात दोनच पाहुणे येऊन बसले आहेत.

"ह्याला पिकअप म्हणतात, ताई," बंधुराज अभिमानाने म्हणाले.

हा अभिमान त्या देशाचाच आहे. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे पेटी बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. शेतकऱ्याने आठवडाभर तिच्यात गवत, दाणे वाहावेत आणि रविवारी तीच धुऊन कुटुंबासह चर्चला जावे, अशी सोय झाली. तेव्हापासून हे वाहन अमेरिकन माणसाच्या मनात जे बसले ते आजतागायत. फोर्डचेच एफ मालिकेतले पिकअप १९७७ पासून वर्षानुवर्षे तिथे सर्वांत जास्त खपणारे ट्रक ठरत आले आहेत. आता त्यांतून गवत थोडे आणि दूध-पावच अधिक जातो, ही गोष्ट वेगळी. माझा भाऊ संगणकाच्या कचेरीत काम करतो. वर्षातून एकदा मराठी मंडळाच्या गणपतीची आरास त्या हौद्यातून नेतो, आणि उन्हाळ्यात मागे एक चाकांवरची खोली जोडून सहलीला जातो. एरवी हौदा रिकामाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला हातात घेऊन आम्ही अंगणात उभे होतो. भाऊ गाडीकडे एकटक पाहत होता. वधूपरीक्षेला गेलेला मुलगा असा पाहत नाही.

"ताई, तुला काही खटकतं का?"

मला त्या गाडीचे आकारमानच खटकत होते. पण मी गप्प बसले.

"नीट बघ. पुढून खाली वाकली आहे. नाक घासून चालल्यासारखी दिसते!"

खरेच, बारकाईने पाहिल्यावर मागची बाजू पुढच्यापेक्षा दोनेक इंच उंच दिसली. हा कारखान्याचा दोष नव्हे. हौद्यात माल भरला किंवा मागे काही ओढायला जोडले की मागच्या कमानी दबतात आणि गाडी समतल होते. त्यासाठी तो उतार मुद्दाम ठेवलेला असतो. पण ज्यांचा हौदा बाराही महिने रिकामा, त्यांना तो उतार डोळ्यांत सलतो. म्हणून तिथे 'लेव्हलिंग किट' नावाची वस्तू मिळते. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे धातूच्या दोन जाड चकत्या. पुढच्या चाकांच्या स्प्रिंगसहित धक्काशोषकाच्या डोक्यावर त्या बसवतात, की नाक वर येते. गंमत अशी, की भावाने आणलेली चकती एक इंच जाडीची होती आणि उचल मिळाली दोन इंच. धक्काशोषक चाकापाशी नसून आतल्या दांड्याच्या मधोमध टेकलेला असतो, त्यामुळे तरफेच्या नियमाने उचल दुप्पट होते. शाळेत तरफेवर मार्क गेलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट चाळिशी उलटल्यावर टेक्सासच्या गॅरेजात समजली.

चकत्यांना शंभर-सव्वाशे डॉलर पडले. पण पैठणी घेतली की मोत्यांचा सर आठवतोच. नाक वर आल्यावर चाकांच्या वरची पोकळी रिकामी दिसू लागली, आणि ती भरायला मोठे टायर आले. त्यांचे चौदाशे डॉलर. माझी भावजय त्या दिवशी माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होती; त्याच्याशी अजिबात बोलत नव्हती.

गॅरेजात बसल्या बसल्या मी टायरवरची अक्षरे वाचायला शिकले. जुन्या टायरवर २७५/६५ आर १८ असे होते. २७५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या पासष्ट टक्के. आणि १८ हा आतल्या चक्राचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असा संकर आमच्या व्याकरणात कुणी केला तर आम्ही नापास करू. हिशेब केला तर जुन्या टायरचा व्यास ३२ इंच, आणि नव्या २८५/७५ आर १८ चा जवळजवळ ३५. म्हणजे आसासकट सारी गाडी आणखी दीड इंचाच्या आसपास उचलली गेली. वाटेतल्या दगडापासून आस खरोखर उंच जातो तो टायरमुळेच. चकतीने फक्त धड उचलले जाते, आस होता तिथेच राहतो. हे गॅरेजवाल्याने मोकळेपणाने सांगितले. पुढचे चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लॅस्टिकला घासते, हे मात्र त्याने सांगितले नाही. ते आम्हांला घरी येताना पहिल्याच वळणावर ऐकू आले.

आणखी एक चमत्कार झाला. गाडीतला काटा ताशी ६० मैल दाखवी, तेव्हा भावाच्या फोनवरचा नकाशा ६५ म्हणे. चाक मोठे झाले, एका फेऱ्यात जास्त अंतर कापू लागले; पण काटा बिचारा जुन्याच चाकाच्या हिशेबाने फेरे मोजत होता. दुकानात जाऊन यंत्राला नवा व्यास सांगावा लागला.

"आपल्याकडे हे करायला गेलास तर परिवहन कचेरीत बोलावणं येईल," मी म्हटले. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम ह्याविषयीच आहे, आणि कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

"म्हणून तर मी इथे राहतो!" बंधुराज म्हणाले. ह्या वाक्यावर भावजय प्रथमच हसली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही तळ्याकाठच्या सहलीला निघालो. ती चाकांवरची खोली भाड्याने आणली होती. अशा खोलीच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग ओढणाऱ्या गाडीच्या शेपटीवर बसतो, म्हणजे अठराशे किलोंच्या खोलीचे निदान एकशे ऐंशी किलो. शिवाय हौद्यात तंबू, शेगडी, बर्फाच्या पेट्या आणि मी आणलेल्या चकल्यांचा डबा. सगळे जोडून झाल्यावर मी लांब जाऊन पाहिले आणि मला एकदम आजोळ आठवले.

माझ्या आजोळी, कऱ्हाडजवळ, बैलगाडी होती. गाडीत ज्वारीची पोती रचताना मामा शेवटचे पोते उचलून थांबत आणि म्हणत, "मागं नको, गाडी उलाळ होईल!" मागे भार जास्त झाला की जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. ह्या अवस्थेला 'उलाळ' हा नेमका शब्द आहे. मी वर्गात तो कितीदा सांगितला आहे आणि मुलांनी तो कितीदा विसरून दाखवला आहे. भावाची चाळीस-पन्नास लाखांची गाडी त्या क्षणी उलाळ झाली होती. कारखान्याने ठेवलेले दोन इंच आम्ही आधीच वापरून टाकले होते. भार आल्यावर मागच्या बाजूने दबायचे तेवढे दबून घेतले आणि नाक आकाशाकडे लागले. पुढच्या चाकांवरचा भार हलका झाल्याने सुकाणू हातात सैल लागते, असे भाऊ दहा मैलांनंतर स्वतःच म्हणाला. (तिकडच्या काही तरुणांत गाडी मुद्दाम अशी पुढून वर आणि मागून खाली करण्याची टूम निघाली होती. उत्तर कॅरोलिना राज्याने २०२१ मध्ये कायदा करून ती बंद केली.)

अंधार पडल्यावर समोरून येणारी प्रत्येक मोटार दिव्यांची उघडझाप करू लागली. प्रथम वाटले, काय हे अगत्य! मग त्रैराशिक सुचले. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर बारा फूट. बारा फुटांत गाडीचे नाक दोन इंच जरी चढले, तरी दिव्याचा झोत दोनशे फुटांवर सुमारे तेहतीस इंच वर जातो. म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. चकत्या बसवल्यावर गॅरेजवाल्याने चाकांचे कोन जुळवून दिले होते, पण दिवे खाली करायचे कुणालाच सुचले नव्हते. ते काम पंचवीस फुटांवरच्या भिंतीसमोर गाडी उभी करून एका पेचकसाने होते. आम्ही ते परत आल्यावर केले. तोवर किती अनोळखी माणसांनी आम्हांला शिव्या दिल्या असतील, कोण जाणे.

पण हे सारे सांगण्यासाठी मी लिहायला बसले नाही.

परतल्यानंतरच्या मंगळवारी भाऊ कामावर निघाला होता. पाठीमागचा कॅमेरा पाहून झाला, आरसे पाहून झाले. गाडी घराकडे तोंड करून नव्हे, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. सरळ पुढे काढायची. मी पायरीवर उभी होते. त्याने यंत्र सुरू केले, आणि त्याच क्षणी गाडीच्या नाकासमोर काहीतरी लाल हलल्यासारखे मला वाटले. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. भावजय म्हणते, मी त्याचे पाळण्यातले नाव घेऊन ओरडले.

गाडी हलली नव्हती. पाच वर्षांची माझी भाची चकचकीत जाळीसमोर उकिडवी बसून, तिच्यात आपले प्रतिबिंब पाहत, दातांचे वेडेवाकडे आकार करत होती.

भाऊ खाली उतरला. तिला कडेवर घेतले, घरात गेला, आणि त्या दिवशी कामावर गेला नाही.

दुपारी तो टेप घेऊन आला. गाडीच्या नाकाची वरची कड जमिनीपासून ४९ इंच भरली. भाचीची उंची ४२. म्हणजे ती उभी असती तरी दिसली नसती. मग तो आसनावर बसला आणि मी तिच्या उंचीचे खोके घेऊन गाडीपासून पावला-पावलाने मागे सरकू लागले. "दिसलं?" "नाही." "आता?" "नाही." दहा फुटांवर खोक्याची वरची कड त्याला दिसली. दहा फूट म्हणजे आमच्या पुण्यातल्या बैठकीच्या खोलीची रुंदी.

अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. एका बालरोगतज्ज्ञाची गाडी मागे घेताना त्याचाच दोन वर्षांचा मुलगा २००२ मध्ये दगावला. पुढे त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. त्या नियमात पुढच्या बाजूचा उल्लेख नाही. आणि तिथल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ४० इंचांहून उंच नाकाच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव, बुटक्या आणि उतरत्या नाकाच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळला. हे मी भावाला वाचून दाखवले नाही. त्याने स्वतःच रात्री वाचले असावे, कारण सकाळी त्याचे डोळे लाल होते.

शनिवारी टायर उतरले. ते कुणा तरुणाने निम्म्या किमतीत नेले. चकत्या निघाल्या, चाकांचे कोन पुन्हा जुळवले, दिवे पुन्हा खाली-वर केले. गॅरेजवाल्याने मजुरी दोन्ही वेळची घेतली. भावजयीने शिरा केला.

जेवण झाल्यावर आम्ही पुन्हा खोके घेऊन मोजले. मला वाटले होते, आता सगळे स्वच्छ दिसेल. सात फूट. साडेतीन इंच खाली येऊनही सात फूट जमीन आंधळीच होती. भाऊ बराच वेळ आसनावर बसून राहिला.

तेव्हापासून त्यांच्या घरी एक रीत आहे. गाडी निघण्यापूर्वी भाची पायरीवर बसते आणि हात वर करते. "दिसते!" असे तो काच खाली करून ओरडतो, आणि मगच किल्ली फिरवतो. पाऊस असला तरी ती छत्री घेऊन बसते. ती शाळेत असली, तर भावजय पायरीवर येऊन हात वर करते. मी तिथे होते तोवर मीही करत असे.

निघताना एक चकती मी मागून घेतली. पंख्याच्या वाऱ्याने उत्तरपत्रिका उडू नयेत म्हणून ती आता माझ्या टेबलावर असते. दुसरी भाचीने ठेवून घेतली. तिने ती बाहुल्यांची विहीर केली आहे.