रुंदावले, पण कसे?

इंग्रजीत 'वाइड' म्हणजे रुंद. त्यापासून 'वाइडन' हे क्रियापद होते, जसे 'शार्प'पासून 'शार्पन'. रुंद होणे आणि रुंद करणे हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात आहेत. विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द भेटला, की दोन कडांमधले अंतर वाढले एवढेच कळते. ते कशामुळे वाढले, हे मात्र आपल्याला शोधावे लागते.

वर्गात विचारून पाहा: लोखंडी कडे तापवले तर मधले भोक लहान होईल की मोठे? लोखंड आतल्या बाजूलाही प्रसरण पावेल, म्हणून भोक लहान होईल, असे पुष्कळ विद्यार्थी सांगतात. आता बैलगाडीचे चाक आठवू. त्याची लोखंडी धाव थंड असताना लाकडी चाकापेक्षा किंचित लहान असते. तापवली की ती चाकावर बसते आणि पाणी ओतले की आकसून घट्ट होते. म्हणजे भोक रुंदावलेच! समजा, ते भोक लोखंडाच्याच चकतीने भरलेले आहे. तापवल्यावर चकती आणि कडे सारख्याच प्रमाणात वाढतील, त्यांच्यात फट पडणार नाही. चकती नसली तरी कड्याचे वागणे तेच राहते. १ मीटर व्यासाचे भोक १०० अंश सेल्सिअसने तापवल्यास सुमारे १.२ मिलिमीटरने रुंदावते.

डोळ्याची बाहुलीही अंधारात रुंदावते. पण इथे काहीच प्रसरण पावत नाही. बाहुलीभोवतीच्या पारितारिकेतले स्नायू तिची कड मागे ओढतात. व्यास २ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटर झाला, तर व्यास चौपट होतो. पण क्षेत्रफळ, म्हणून आत येणारा प्रकाशही, सोळापट होतो.

तिसरे उदाहरण अटलांटिक महासागराचे. तोही दरवर्षी काही सेंटिमीटर रुंदावतो. त्याच्या तळाशी मधोमध पर्वतरांग आहे. तिथे खालून शिलारस वर येतो, थिजतो, आणि तळाचा जुना खडक दोन्ही बाजूंना सरकत जातो. हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये ही कल्पना मांडली. इथे रबरासारखे ताणले काहीच जात नाही. मध्ये नव्या खडकाची भर पडते.

शब्द एकच, कारणे तीन. म्हणून 'वाइडन'चा अर्थ सांगून थांबू नये. कोणत्या दोन कडा आणि त्या कशामुळे दूर गेल्या, हे दोन प्रश्न विचारावेत. पुरानंतर नदीचे पात्र रुंदावते, ते यांपैकी कोणत्या प्रकारे? की चौथ्याच? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.