वाद्ये किती हवीत?

गाण्याला वाद्ये किती असावीत, असे कुणी विचारले की मला आधी तुणतुणे आठवते. जेमतेम एक तार, आणि शाहिराच्या मागे तेच ते टणत्कार! पण ते थांबले की पोवाडा लंगडा पडतो. डफ लय सांभाळतो, तुणतुणे स्वर धरून ठेवते. दोघांची कामे वेगळी, म्हणून दोघे पुरतात.

ख्यालाच्या बैठकीतही तोच हिशेब. दोन तानपुरे, तबला आणि सारंगी किंवा पेटी. यातल्या पेटीवर तर केवढे रण माजले! पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती निसटतात, म्हणून १९४० साली रेडिओने तिला हद्दपार केले. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. आक्षेप खोटा नव्हता. पण दरम्यान मैफलींनी पेटी सोडली नाही, कारण गवयाला साथ हवी होती. बालगंधर्वांच्या पदांमागे ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला असे. एवढ्यावर रसिक रात्री जागवत.

मग मोठा वाद्यवृंद वाईटच का? मुळीच नाही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला व्हायोलिनचा ताफा काढून टाका, गाण्याची छातीच बसेल. माझी कसोटी साधी आहे. एकेक वाद्य मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवावे. गाणे जागचे हलले नाही, तर ते वाद्य नुसते गर्दीला आले होते असे समजावे. आज एका कीबोर्डातून चाळीस वाद्यांचा आवाज निघतो. वाद्य वाढवायला खर्च नाही, म्हणून ते का वाढवले याचे उत्तरही कुणी देत नाही. भावगीतातले शब्द मात्र त्या गदारोळात बुडतात.

याची दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. आवाज वाढले आणि वाजवणारे घटले. सिंथेसायझर आला तशी ध्वनिमुद्रणातल्या कितीतरी वादकांची रोजी गेली. एकट्याने रियाज करणाऱ्याला विजेवरचा तानपुरा वरदान आहे, हे मान्य. पण बैठकीत गुरूच्या मागे तानपुरा छेडत शिष्य जे ऐकत असे, ते कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही. ती जागा यंत्राला दिली, तर उद्याचा गवई बसणार कुठे?

म्हणून मी हल्ली वाद्ये मोजत नाही. त्यांच्यामागची माणसे मोजतो.