विहिरीतला खडा : हिरा नव्हे, पण टाकूनही देऊ नका

बारामती-इंदापूरच्या जिरायत भागात विहिरीला सुरुंग लागला, की दगडमातीत कधी कधी चकाकणारे खडे निघतात. पोरं ते खिशात घालतात, म्हातारी माणसं देव्हाऱ्यात ठेवतात आणि गावातला एखादा शहाणा म्हणतो, "अहो, हिरा घावला!" शेतकरी बंधूंनो, या खड्यांची हकिकत एकदा नीट समजून घ्या. नाहीतर फसवणारे टपलेलेच असतात.

आपला काळा खडक लाव्हारसाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्यातली सिलिका तिथे साचून गारगोटी, स्फटिक आणि अकीक तयार झाले. पांढऱ्या सुयांचे झुबके दिसतात ते झिओलाइट. दिसायला देखणे, पण अंगठीत टिकत नाहीत, कारण ठिसूळ. त्यांना मागणी असते ती संग्राहकांची. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय अशाच खनिजांचे आहे.

या खडकात हिरा होत नाही. हिऱ्यांसाठी जुन्या काळी नाव होते ते गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडचे. काचेवर ओरखडा उठला म्हणजे हिरा, ही समजूतही सोडा. कठीणपणाच्या मापात हिरा १०, गारगोटी ७ आणि काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे साधी गारगोटीही काच ओरबाडते.

मण्यांचा जुना धंदा

आपल्या पूर्वजांना मात्र या खड्यांची किंमत कळली होती. कऱ्हा-नीरेच्या संगमावरचे सोनगाव आपल्याच बारामती तालुक्यातले. तिथे आणि शिरूर तालुक्यातल्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. ही माणसं गारेच्या जातीच्या दगडाची पाती काढून हत्यारं करीत आणि रंगीत खड्यांचे मणी गळ्यात घालीत. पुढे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात लिहिले आहे, की पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांतून भडोच बंदराला जात आणि तिथून परदेशी. लाल अकीक भट्टीत तापवला की त्याचा रंग आणखी खुलतो, ही युक्ती खंबायतचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले.

श्रद्धा आणि फसवणूक

माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या ही नवरत्ने नऊ ग्रहांना वाहिलेली. नीलम लाभला तर राजा, नाहीतर वाटोळे, असे आपल्याकडे म्हणतात. हौसेने घालायचे तर घाला. पण कर्ज फिटेल, विहिरीला पाणी लागेल, असे सांगून कोणी महागडा खडा गळ्यात मारत असेल, तर हात जोडून वाटेला लावा. 'नागमणी' तर निव्वळ थाप आहे. नागाच्या डोक्यात मणी नसतो. उसात साप चावला तर जहरमोहरा लावत बसू नका, कारण तो विष ओढत नाही. माणसाला तडक दवाखान्यात न्या. सर्पदंशावर उतारा लसीचाच.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ प्रमाणे खनिजांवरचा हक्क सर्वसाधारणपणे सरकारचा असतो. तेव्हा दगड खणून विकायचा विचार असेल तर आधी तहसील कचेरीत विचारा. जुने मणी, नाणी किंवा दागिने जमिनीत सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू असली, तरी हा नियम लागतो.

सरपंच आणि तलाठी भाऊसाहेबांना एक विनंती. गावची पांढरी उकरून माती शेतात टाकण्याची रीत जुनी आहे. पण त्या मातीत मणी किंवा खापरं दिसली, तर जेसीबी थांबवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. एकदा ती माती शेतात पसरली, की गावाचा तीन हजार वर्षांचा दाखला परत मिळायचा नाही.