आरोग्याचे माप : वजनाबरोबर कमरेचा घेरही

स्थूलता हा शहरातील सुखवस्तू वर्गाचा विकार होय, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने तो खोटा ठरविला. देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या महिलांपैकी २४ टक्के महिलांचे वजन प्रमाणाबाहेर, तर सुमारे १९ टक्के महिलांचे प्रमाणाहून कमी आढळले. ग्रामीण भागातही दर पाचांपैकी जवळजवळ एक महिला पहिल्या गटात मोडते.

तथापि, केवळ वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळले. आपल्याकडील अनेक माणसे दिसावयास सडपातळ असतात. मात्र त्यांच्या शरीरात स्नायू कमी व पोटातील चरबी अधिक असते. ही चरबी इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते आणि मधुमेह व हृदयविकार यांना वाट करून देते. म्हणून भारतीय पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा, असे तज्ज्ञ सांगतात. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, साध्या टेपने हे माप घेता येते.

घेर कमी करण्यासाठी उपाशी राहणे हा मार्ग नव्हे. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी व तळलेले पदार्थ खाल्ल्यास उष्मांक घटण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक. ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळे यांनी भरावा. उरलेल्या भागात ज्वारी, बाजरी वा नाचणीची भाकरी आणि तिच्या जोडीला उसळ, वरण, ताक किंवा अंडे असावे. तेलाच्या प्रत्येक ग्रॅममधून ९ उष्मांक मिळतात, धान्यातील पिष्टमय पदार्थांतून मात्र ४ च. यास्तव फोडणीतील तेल मोजून घ्यावे. दिवसाकाठी चार कप चहा व प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यानेच सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. आहारावरील या नियंत्रणास रोज किमान अर्धा तास भरभर चालण्याची जोड हवी.

या प्रश्नाचे मूळ मात्र जन्मापूर्वीच रुजते. पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत ती लहान व कमी स्नायूंची होती; चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले खाणारी गर्भवती आणि पुढे मधुमेहाशी झगडणारे तिचे मूल, यांचा संबंध येथे स्पष्ट होतो.

यासाठी ग्रामपंचायतींनी ग्रामसभेच्या दिवशी कंबर मोजण्याची सोय करावी, शिक्षकांनी शाळेच्या आवारात परसबाग फुलवावी आणि अंगणवाडीतील आहार गर्भवतीच्याच मुखी पडतो, याकडे लक्ष पुरवावे. घराघरांत सुनेचे व लेकीचे ताट इतरांच्या बरोबरीने वाढले जाईल, तेव्हाच पुढील पिढीच्या आरोग्याचा पाया भक्कम होईल.