यदृच्छ चल व संभाव्यता वितरणे

ज्या राशीचे मूल्य एखाद्या प्रयोगाच्या अनिश्चित फलितावर अवलंबून असते, तिला यदृच्छ चल म्हणतात. हा चल कोणती मूल्ये किती संभाव्यतेने धारण करतो, हे दर्शविणाऱ्या नियमास संभाव्यता वितरण म्हणतात. मूल्ये सुटी व मोजता येण्यासारखी असल्यास चल पृथक् (उदा., रुजलेल्या बियांची संख्या) व विशिष्ट मर्यादांमधील कोणतेही मूल्य शक्य असल्यास तो संतत (उदा., रोपाची उंची) असतो.

बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. घरचे बियाणे पेरण्यापूर्वी १०० बिया ओल्या गोणपाटावर ओळींत मांडून गुंडाळी करतात व काही दिवसांनी रुजलेल्या बिया मोजतात. ही संख्या म्हणजे एक पृथक् यदृच्छ चल होय.

द्विपद वितरण : प्रत्येक चाचणीची फलिते दोनच, यशाची संभाव्यता (प) कायम व चाचण्या परस्पर स्वतंत्र असल्यास यशांची संख्या या वितरणाने मिळते. त्याचे जेकब बेर्नुली यांनी केलेले विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती किमान ७०% असावी लागते. प = ०·७ धरून दोन बिया घेतल्यास दोन्ही रुजण्याची संभाव्यता ०·४९, एकच रुजण्याची ०·४२ व एकही न रुजण्याची ०·०९ येते; यांची बेरीज १ होते. न चाचण्यांसाठी माध्य न × प व प्रचरण न × प × (१ − प) असते. प्रचरणाचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन.

प्रसामान्य वितरण : हे घंटाकार, सममित व संतत वितरण आहे. न मोठा असता द्विपद वितरण त्याच्या जवळ जाते, हे आब्राआम द म्वाव्हर यांनी १७३३ मध्ये दाखविले. वरील १०० बियांसाठी माध्य ७० व प्रमाण विचलन सु. ४·६ येते. म्हणून बियाणे नेमके ७०% उगवणशक्तीचे असले, तरी रुजलेल्या बिया ६१ ते ७९ यांदरम्यान येण्याची संभाव्यता सु. ९६% असते. केवळ ६६ बिया रुजल्या, म्हणून बियाणे सदोष ठरत नाही. परंतु ५५ किंवा त्यांहून कमी रुजण्याचा प्रसंग निव्वळ यदृच्छेने हजारांत सु. एकदाच येईल. तेव्हा बियाण्याविषयी शंका घेणे रास्त ठरते.

प्वासाँ वितरण : सीमेआँ दनी प्वासाँ यांनी १८३७ मध्ये मांडलेले हे वितरण विरळ घटनांच्या संख्येस लागू पडते. बियाण्याच्या ठरावीक वजनात अन्य पिकाच्या बिया सरासरी २ असतील, तर एखाद्या नमुन्यात त्यांतील एकही न आढळण्याची संभाव्यता सु. ०·१४ असते.

मर्यादा : वितरणाचे निष्कर्ष त्यामागील गृहीतकांइतकेच विश्वसनीय असतात. गोणपाटावरील बिया बऱ्याच अंशी स्वतंत्र मानता येतात. शेतात तसे नसते. खोल पेरणी, ओलाव्याचा अभाव किंवा पावसानंतर जमिनीवर धरलेला कठीण पापुद्रा यांचा परिणाम सबंध तासावर एकदमच होतो. स्वातंत्र्याचे गृहीतक तेथे ढळते व प्रत्यक्ष प्रचरण द्विपद वितरणाच्या प्रचरणापेक्षा पुष्कळ मोठे असते. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या. अशा वेळी एका शेतातील तूट पाहून बियाण्यास किंवा पेरणाऱ्यास दोषी ठरविता येत नाही. त्याच बियाण्याचा यदृच्छेने निवडलेला नमुना नियंत्रित परिस्थितीत तपासणे आवश्यक ठरते.